आधी निवड, मग वेबसाइट

लग्नसराईत एखादा फोटोग्राफर एका लग्नात हजार-दोन हजार फोटो सहज काढतो. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन-दोन कॅमेरे चालू असतात, मेमरी कार्डं स्वस्त झाली आहेत आणि रोल संपण्याची धास्ती आता उरलेली नाही. पाच-सहा वर्षं धंदा केलेल्या माणसाच्या हार्ड डिस्कवर त्यामुळे लाखाच्या घरात फोटो साठतात. असा माणूस स्वतःची वेबसाइट करायला निघाला की बोलणं बहुधा टेम्प्लेटपासूनच सुरू होतं. पहिल्या पानावर सरकणारे फोटो हवेत की व्हिडिओ, पार्श्वभूमी काळी की पांढरी, पान उघडताच सनई वाजावी का? हे प्रश्न गैर नाहीत, पण त्यांची पाळी फार नंतरची. पहिला प्रश्न असा की या लाखभरातले कोणते फोटो वेबसाइटवर जाणार नाहीत. फोटोग्राफरची वेबसाइट हे मुळात संपादनाचं काम आहे, आणि तिची मांडणी, वेग, रंग, मजकूर, इतकंच काय तिच्यातली कायद्याची बाजूसुद्धा या संपादनातूनच ठरत जाते, असं माझं म्हणणं आहे.

छायाचित्रणाच्या इतिहासात याचा ठळक पुरावा रॉबर्ट फ्रँकच्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात मिळतो. 1955 साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाल्यावर फ्रँक मोटारीने अमेरिकाभर हिंडला आणि त्याने सुमारे 28 हजार फोटो काढले. त्यांतल्या हजारेकांच्या कामचलाऊ प्रती काढून तो त्या पाहत राहिला, काढून टाकत राहिला, आणि 1958 मध्ये पॅरिसला पुस्तक निघालं तेव्हा त्यात फक्त 83 फोटो होते. म्हणजे साधारण 337 फोटोंमागे एक. पुढच्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत, पॅरिसच्या पुस्तकात फोटोंसमोर छापलेले उतारेही गेले. फोटोमागून फोटो पाहताना झेंडा पुन्हा दिसतो, मोटार पुन्हा दिसते, आणि सुटे वाटणारे प्रसंग एकमेकांशी बोलू लागतात. एडवर्ड स्टाइकेनने त्याच 1955 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मांडलं. त्यात 503 फोटो होते. आकडा मोठा वाटतो खरा, पण ते सुमारे वीस लाख फोटोंमधून उरलेले होते. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याच्या कामाइतकंच मोलाचं काम कॅमेरा खाली ठेवल्यावर झालेलं आहे.

यावर कुणी म्हणेल की हे कलावंतांचं झालं, लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याला हे परवडत नाही. गिऱ्हाइकाला भरपूर पाहायचं असतं. मला वाटतं, निवडीची गरज धंद्यातच जास्त आहे. फोटोग्राफर शोधणारं कुटुंब एका संध्याकाळी फोनवर सात-आठ जणांचं काम पाहतं. तीनशे फोटोंत तीस उत्तम असतील आणि बाकीचे बरे, तर पाहणाऱ्याच्या मनात उरतात ते नुसते बरे फोटोच. शिवाय त्याला आणखी एक गोष्ट कळते. या माणसाला स्वतःच्या चांगल्या आणि साधारण फोटोतला फरक ओळखता येत नाही, आणि उद्या आपल्या दोन हजार फोटोंतून अल्बमसाठी निवड हाच करणार आहे! साडीच्या दुकानातला जाणता विक्रेता आधी गिऱ्हाइकाचा अंदाज घेतो आणि मग चारच साड्या उलगडतो. गठ्ठा मागे तयार असतो, पण तो मागितल्यावर. वेबसाइटच्या पहिल्या पानावर वीस-पंचवीस फोटो पुरतात. त्यांतला प्रत्येक फोटो असा हवा की तसलंच काम उद्या पुन्हा मिळालं तर आवडेल. फोटोग्राफर जे दाखवतो तेच काम त्याच्याकडे येतं. प्री-वेडिंगचे फोटो मनापासून आवडत नसतील आणि तरी पहिल्या पानावर तेच असतील, तर तक्रारीला जागा राहत नाही.

मात्र निवडक उत्तमाला एक धोका आहे आणि तो मान्य करायला हवा. पंचवीस लग्नांतले पंचवीस उत्तम फोटो इतकंच सांगतात की या माणसाला पंचवीस वेळा योग्य क्षण गवसला. लग्न लावणाऱ्या घराला मात्र वेगळं जाणून घ्यायचं असतं. दुपारी दीडच्या मुहूर्ताला, मंडपाच्या तांबड्या-पिवळ्या कापडाखाली सगळ्यांचे चेहरे नारिंगी दिसत असताना हा काय करतो? अंतरपाट दूर होतो ते दोन-तीन सेकंद याला सापडतात का? पंगतीत, सूनमुख पाहताना, आजीच्या पाया पडताना हा कुठे उभा असतो? म्हणून वेबसाइटवर निदान एक अख्खं लग्न हवं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, साठ-सत्तर फोटोंत, घडलं त्या क्रमाने. वरवर हे निवडीच्या विरुद्ध वाटेल. पण दोन हजारांतून साठ काढणं हीही निवडच आहे, आणि ती अधिक कठीण. कारण इथे नुसता सुंदर फोटो पुरत नाही, आधीच्या आणि नंतरच्या फोटोशी त्याचं नातं लागावं लागतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब चित्रं घडवणारी साधनं आता कुणाच्याही हाती आली आहेत, आणि एकटा देखणा फोटो पुरावा म्हणून पूर्वीइतका वजनदार राहिलेला नाही. एकाच दिवसातली तीच माणसं, तोच मंडप आणि बदलत जाणारा उजेड दाखवणारी सलग मालिका अजून विश्वास देते. लग्नाच्या पलीकडे तर हे आणखीच खरं. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. अशा कामातला एकच फोटो उचलून इतर फोटोंच्या जाळीत बसवला तर तो धक्का देईल, पण त्या माणसांचं काम, घर आणि घरातली माणसं त्यातून कळणार नाहीत. तिथे मालिका आणि तिच्यासोबतचा मजकूर हाच वेबसाइटचा आराखडा असतो.

क्रम हातात असणं इतकं महत्त्वाचं मानलं की ‘इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं. इन्स्टाग्रामवर ओळख होते, नवं गिऱ्हाईक तिथूनच येतं, आणि ते सोडावं असं कुणी सांगू नये. पण तिथला चौकटीचा आकार आणि क्रम फोटोग्राफरच्या हातात नसतो. 2010 मध्ये सुरू झालेल्या या माध्यमात 2015 च्या ऑगस्टपर्यंत फोटो चौरसच टाकावा लागे. 2016 पासून फोटो काळाच्या क्रमाने दिसायचे थांबले आणि तो क्रम कंपनीचं गणित ठरवू लागलं. 2025 च्या जानेवारीत प्रोफाइलवरच्या चौरस खिडक्या उभ्या आयतांच्या झाल्या. ज्यांनी चौरस धरून नेटकी रचना केली होती, त्यांच्या जुन्या फोटोंच्या कडा एका रात्रीत कापल्या गेल्या. फोटोची चौकट कुठे संपते हा छायाचित्रणातला पायाभूत निर्णय आहे. तो दुसऱ्यावर सोपवलेली जागा जाहिरातीला ठीक, पण कामाचं कायमचं घर म्हणून अपुरी.

स्वतःची वेबसाइट आहे म्हणून धोका टळतो असंही नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात फोटोग्राफरांच्या कितीतरी वेबसाइट फ्लॅश या तंत्रावर उभ्या होत्या. फोटो विरघळत एकमेकांत मिसळत, संगीत वाजे, आणि उजवं बटण दाबून फोटो उतरवून घेता येत नसे, म्हणून त्या सुरक्षितही वाटत. 2007 मध्ये आलेल्या आयफोनने फ्लॅश चालवलंच नाही. 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबीने त्याचा आधार काढून घेतला आणि पुढच्या जानेवारीपासून ती पानं उघडेनाशी झाली. हौसेने पैसे घालून केलेलं काम गेलं. त्याच काळात साध्या एचटीएमएल पानांवर ठेवलेले जेपेग फोटो आजही उघडतात. जेपेगचं प्रमाण ठरलं 1992 मध्ये, आणि ते अजून सगळीकडे चालतं. फोटोंच्या ताकदीवर विश्वास असेल तर हलत्या-सरकत्या सजावटीची गरज कमी भासते, आणि जितकी सजावट कमी तितकं पान जास्त वर्षं टिकतं.

वेगाचं गणितही निवडीशीच जोडलेलं आहे. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा असतो. उभ्या धरलेल्या सर्वसाधारण फोनची रुंदी 1080 ठिपके. तिथे आडवा फोटो 1080 बाय 720 मध्ये मावतो, म्हणजे मूळ ठिपक्यांच्या एकतिसाव्या हिश्शात. तरीही कॅमेऱ्यातून निघालेली आठ-आठ एमबीची फाइल तशीच चढवली, तर चाळीस फोटोंच्या पानाचं वजन 320 एमबी होतं. सेकंदाला दहा मेगाबिटचं नेट धरलं तरी ते उतरायला चार मिनिटांहून जास्त लागतात. तेच फोटो पडद्याच्या मापाने लहान करून दीडशे केबीला आणले, तर सगळं पान सहा एमबीचं होतं आणि पाचेक सेकंदांत येतं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर ते पान चांगलं, असं गुगलचं मोजमाप सांगतं. त्यासाठी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्येक फोटोच्या तीन-चार मापांच्या प्रती ठेवल्या की ब्राउझर पडद्याला साजेशी प्रत स्वतः उचलतो. खालचे फोटो वाचक तिथवर पोचेपर्यंत मागवायचेच नाहीत. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवायची, म्हणजे फोटो येताना खालचा मजकूर उडी मारत नाही. वेबसाइट करून देणाऱ्याला या तीन गोष्टी नीट विचाराव्यात. तो गडबडला तर दुसरा शोधावा. फोनच्याच पडद्यामुळे आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. आडवा फोटो तिथे पडद्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही जागा घेत नाही, उभा फोटो मात्र पडद्याचा बराच मोठा भाग भरतो. पन्नास माणसांच्या आडव्या ग्रुप फोटोतले चेहरे फोनवर ओळखू येत नसतील, तर तो फोटो कितीही चांगला असला तरी मुख्य पानावर त्याची जागा नाही.

रंग आणि पार्श्वभूमी यांना बरेच जण आवडीचा प्रश्न समजतात. तो डोळ्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. बार्टल्सन आणि ब्रेनेमन या संशोधकांनी 1967 मध्ये दाखवून दिलं की भोवताल गडद असला की चित्रातला उजेड-अंधाराचा फरक डोळ्याला कमी भासतो, आणि भोवताल उजळ असला की जास्त. म्हणूनच अंधाऱ्या थिएटरात दाखवायच्या चित्रपटाच्या प्रतीत हा फरक मुद्दाम वाढवलेला असे. याचा अर्थ असा की पांढऱ्या पडद्यावर बेतलेला फोटो काळ्या पानावर नेला तर तो थोडा मवाळ दिसतो, सावल्या उघडल्यासारख्या वाटतात. काळं पान वाईट नाही. रात्रीच्या वरातीचे, दिव्यांचे, रंगमंचाचे फोटो त्यावर खुलतात. उन्हातल्या हळदीला मात्र पांढरं किंवा फिकट करडं पान बरं. ज्या पानावर फोटो दिसणार, त्याच पानावर ठेवून त्याचं शेवटचं संस्करण करावं एवढाच यातला धडा. पान रंगीत मात्र नको, कारण शेजारचा रंग त्वचेच्या रंगाची समज बिघडवतो. आणि फाइल एसआरजीबी या रंगमानातच काढावी. 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने सुचवलेलं हे मान वेबचं गृहीत मान झालं आहे. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगमानातली फाइल त्या रंगमानाच्या खुणेशिवाय चढवली की नवरीचा लाल शालू फिका पडतो आणि दोष फोनला दिला जातो.

फोटो बोलतो, मग मजकूर कशाला, असा एक समज आहे. गुगलला आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनला फोटो तसा बोलत नाही. प्रत्येक फोटोमागे ‘वाईतल्या घाटावर सकाळी लागलेलं लग्न, अंतरपाट दूर होतानाचा क्षण’ असं एक साधं वाक्य ठेवलं तर वाईत फोटोग्राफर शोधणाऱ्याला ते पान सापडू शकतं आणि न दिसणाऱ्या माणसाला त्याच्या फोनवर ते ऐकू येतं. हे वाक्य मराठीत असावं, कारण गिऱ्हाईक मराठी आहे. महाराष्ट्रातल्या फोटोग्राफरांच्या वेबसाइटवर ‘प्रेमाचे अविस्मरणीय क्षण’ छापाची इंग्रजी वाक्यं इतकी सारखी असतात की ती वाचून कुणाचंही वेगळेपण कळत नाही. अक्षराकडेही लक्ष हवं. मुक्ता हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला टंक मोफत मिळतो आणि फोनवर स्वच्छ वाचता येतो. पानाची भाषा मराठी आहे ही खूण कोडमध्ये नोंदवली, तर तशी सोय असलेल्या टंकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे उमटतात. या मजकुरात दराचा सुरुवातीचा आकडाही लिहावा. त्याने गिऱ्हाईक पळतं अशी भीती असते, पण जे परवडणारच नव्हतं ते गिऱ्हाईक फोनवर अर्धा तास घालवून पळण्यापेक्षा वाचून गेलेलं दोघांच्याही सोयीचं.

चोरीची भीती खरी आहे. पण फोटोच्या मधोमध मोठा वॉटरमार्क टाकला की चोराआधी गिऱ्हाइकाचा विरस होतो, आणि उजवं बटण बंद केल्याने स्क्रीनशॉट थांबत नाही. लहान मापात चढवणं हेच त्यातल्या त्यात खरं संरक्षण. लांब बाजू 2000 ठिपक्यांची असेल, तर इंचाला 300 ठिपके या छपाईच्या मापाने तो फोटो जेमतेम पावणेसात इंच छापता येतो. होर्डिंगला चालत नाही. याशिवाय फाइलच्या पोटात आयपीटीसी या नोंदींमध्ये काढणाऱ्याचं नाव लिहून ठेवता येतं. ते सगळीकडे टिकतं असं नाही, तरी लिहावं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात. देशाची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव लोकांपर्यंत पोचायला फार काळ गेला. फोटोबरोबर नाव जाणं ही क्षुल्लक बाब नाही. उलट एक नोंद मात्र आठवणीने पुसावी लागते: फोन आणि काही कॅमेरे फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहितात. घरच्या हळदीचा फोटो तसाच चढवला तर गिऱ्हाइकाच्या घराचा पत्ता जगाला मिळतो.

आणि हे फोटो वेबसाइटवर ठेवण्याचा हक्क फोटोग्राफरला असतो का? बहुतेकांना वाटतं, मी काढला म्हणजे माझा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम तसं म्हणत नाही. मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे वधूपित्याने पैसे मोजले आणि कागदावर काहीच ठरलं नाही, तर मालकी त्याची. त्याच कायद्याच्या 57 व्या कलमाने आपलं नाव सांगण्याचा हक्क फोटो काढणाऱ्याकडे राहतो, पण प्रदर्शनाचा मार्ग त्याने मोकळा होत नाही. दुसऱ्याच्या स्टुडिओसाठी दिवसावर काम केलेला तरुण ते फोटो आपल्या वेबसाइटवर लावतो, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. उपाय साधा आहे: बुकिंगच्या कागदावर वेबसाइटसाठी फोटो वापरण्याचं एक स्पष्ट वाक्य आणि त्याखाली सही. कुणी म्हणेल, इसार घेताना असले कागद पुढे केले की गिऱ्हाईक बिथरतं. ते बिथरत असेल तर लग्नानंतर आपला फोटो अचानक इंटरनेटवर दिसल्यावर किती बिथरेल याचा विचार आधी व्हावा. ही सही पैसे देणाऱ्याची तर हवीच, पण नवरा-नवरीची वेगळी हवी, कारण चेहरे त्यांचे आहेत. लहान मुलांच्या जवळून घेतलेल्या फोटोंसाठी आईवडिलांना विचारावं. पुढे घटस्फोट होतो, घरात मृत्यू होतो, किंवा नुसतं मन बदलतं. तेव्हा फोटो काढून टाकायला कुणाला कळवायचं आणि तो किती दिवसांत काढला जाईल, हे त्याच कागदावर आणि वेबसाइटच्या संपर्काच्या पानावर लिहिलेलं असावं. त्या अख्ख्या लग्नाच्या साठ फोटोंतला सर्वांत चांगला फोटो नवरीने नको म्हटला, तर तो वगळून मालिका पुन्हा लावायची.